बाराखडी पाठ, वाचन सपाट!

आमच्या शेतकरी, कारागीर व कष्टकरी बंधुभगिनींस आज आम्ही एक साधाच प्रश्न विचारणार आहोत. तुमची मुले शाळेत जातात काय, हा तो प्रश्न नव्हे. ती जातात, हे आम्हांस ठाऊक आहे. हजेरीपटावर नाव आहे, अंगावर गणवेश आहे, पाठीला दप्तर आहे, दुपारची खिचडी आहे. आमचा प्रश्न असा की, त्या मुलांस वाचता येते काय? पूर्वी न पाहिलेल्या, न ऐकलेल्या, न घोकलेल्या चार ओळी पुढे ठेवल्या, तर त्या वाचून त्यांचा अर्थ मूल आपल्या तोंडाने सांगते काय? या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळ घरांत "नाही" असे आहे, आणि ते उत्तर ऐकण्याची तयारी ना सरकारची आहे, ना शाळेची, ना आमची स्वतःची.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणत नाही. २००५ सालापासून 'असर' नावाची पाहणी खेड्यांतील घरोघर जाऊन होत आली आहे. पाहणी करणारे लोक मुलापुढे दुसरीच्या पुस्तकाच्या तोडीचा एक लहानसा उतारा ठेवतात आणि "वाच" म्हणतात. एवढीच परीक्षा. २०२२ साली या देशातील खेड्यांत पाचवीत बसलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे त्रेचाळीस मुलांनाच तो उतारा वाचता आला. २०२४ साली आकडा थोडा वर सरकला, पण निम्म्यापर्यंत तोही पोहोचला नाही. पाच वर्षे शाळेत जाऊन निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येऊ नये! पाच वर्षे नांगरट, पेरणी, कोळपणी करून खळ्यावर निम्मे पोते रिकामे निघाले, तर आपण गप्प बसू काय? बियाणे पाहू, जमीन पाहू, तिफण पाहू, पेरणाऱ्याचा हात पाहू. मग पोरांच्या बाबतीतच आपण "नशिबात विद्या नाही" म्हणून कपाळाला हात का लावतो?

याचे कारण असे की, दोष कोणाचा हे आम्हांस फार पूर्वीपासून शिकवून ठेवले आहे. पोर वाचत नाही ना? मग पोरालाच डोके नाही. आईबाप अडाणी आहेत. घरात वळण नाही. कुणब्याच्या, कुंभाराच्या, धनगराच्या, चांभाराच्या पोराला अक्षर कोठले वळायला? हा युक्तिवाद शेकडो वर्षांचा जुना आहे. पूर्वी तो धर्माच्या नावाने सांगत, आज तो 'घरचे वातावरण' या गोंडस नावाने सांगतात. शब्द बदलले, निकाल तोच. आम्ही विचारतो, जे पोर आठव्या वर्षी कळपातली प्रत्येक शेळी खुणेने ओळखते, जे पोर बापाच्या हातातील हत्यार आवाजावरून सांगते, बाजारात शंभराच्या नोटेतून सुटे पैसे न चुकता परत आणते, त्याच्या डोक्यात पन्नास अक्षरे मावत नाहीत, हे कोणत्या शहाण्याने ठरविले? डोके शाबूत आहे. शिकविण्याची रीत कुजकी आहे. नाचता येईना, अंगण वाकडे!

ती रीत कोठून आली ते पाहा. जुन्या पंतोजीच्या शाळेत मुलाच्या हाती प्रथम धूळपाटी देत आणि त्याच्या तोंडून "ओनामासीधं" असे म्हणवून घेत. मूळ शब्द "ॐ नमः सिद्धम्" असे होते. पण ते ना पोराला समजत, ना त्याच्या बापाला, आणि पुष्कळ वेळा पंतोजीलाही नाही. न समजणारे शब्द मोठ्याने म्हणणे हाच विद्येचा आरंभ, असा शिक्का तेथून बसला. आजही आपण एखाद्या कामाच्या सुरुवातीस 'ओनामा' म्हणतो. ज्या समाजात आरंभाचे नावच न समजलेल्या घोषावरून पडले, तेथे घोकंपट्टीला विद्या म्हणण्याची खोड किती खोल गेली असेल, याचा विचार करावा. पंतोजी गेला, छडी गेली, धूळपाटी जाऊन मोबाईल आला. पण ती खोड गेली नाही.

ही खोड कशी काम करते? पहिलीच्या वर्गात अ आ इ ई पासून ज्ञपर्यंत अक्षरे ओळीने फळ्यावर येतात. त्यांत ङ आणि ञ येतात. या दोन अक्षरांनी सुरू होणारा एक तरी शब्द आमच्या पोराच्या तोंडी आहे काय? नाही. तरी ती ओळीत आहेत म्हणून शिकवायची. मग येते बाराखडी. क का कि की कु कू. सारा वर्ग एका सुरात गातो आणि बाहेरून ऐकणाऱ्यास वाटते, शाळा कशी दणक्यात चालली आहे! पण त्या गाणाऱ्या पोरातील एकास जवळ बोलावा आणि 'मी' या अक्षरावर बोट ठेवून विचारा, हे काय? ते पोर म, मा, मि असे पहिल्यापासून मोजत येते आणि चौथ्या पायरीवर 'मी' म्हणते. मध्ये थांबविले तर गडबडते. म्हणजे त्याने अक्षर वाचले नाही, गाण्यातली जागा मोजली. हे वाचन नव्हे, भजन आहे. भजन देवळात शोभते, वर्गात त्याने पोट भरत नाही.

आता हिशेब करा. आमच्या लिपीत व्यंजने चौतीस धरली, तर चौतीस बाराखड्यांच्या रूपाने पोरापुढे ४०८ आकृत्या उभ्या राहतात. (२००९ सालच्या सरकारी निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर वाढले, म्हणजे आता बाराखडीची चौदाखडी झाली.) पोराला कोणी सांगितलेच नाही की, या ४०८ वेगळ्या वस्तू नाहीत. चौतीस अक्षरे आणि अकरा खुणा, अशा अवघ्या पंचेचाळीस वस्तूंचा हा सारा पसारा आहे. काना म्हणजे 'आ' चा आवाज. तो क ला लागला तर का, म ला लागला तर मा, भ ला लागला तर भा. एकदा ही किल्ली हाती आली की कुलूप कोणतेही असो, ते उघडते. पण किल्ली द्यायची नाही आणि चारशे कुलपांची नावे मात्र तोंडपाठ करून घ्यायची, असा हा कारभार आहे!

सुतार आपल्या मुलास धंदा कसा शिकवितो? पेटीतील साऱ्या हत्यारांची नावे तीन महिने पाठ कर आणि मग लाकडाला हात लाव, असे सांगतो काय? तो एक फळकूट देतो, रंधा हातात देतो, दोन हात मारून दाखवितो आणि "आता तू मार" म्हणतो. संध्याकाळपर्यंत पोराच्या हातून काहीतरी घडते, भले ते वेडेवाकडे का असेना. त्यातून हुरूप येतो. वाचनाचेही अगदी असेच आहे. म, क, न, र, स, त ही सहा अक्षरे आणि एक काना एवढे शिकवा. त्यातून पाहा किती पीक निघते: मका, कान, नाक, काम, रात, सात, तास, तार, रास, मासा, मामा, काका, नाना, तारा, सासर. पंधरा शब्द, आणि एकही शब्द परका नाही. मका आमच्या रानातला, रास आमच्या खळ्यावरची, मामा आमच्या घरचा. पंधरा दिवसांत पोर "मामा, मका काढ" सारखे वाक्य वाचू शकते, मध्ये एक 'ढ' घातला की झाले. मग पुढची पाच-सहा अक्षरे, पुढची एक वेलांटी. प्रत्येक गटानंतर वाचायला नवे शब्द, नवी वाक्ये, लहान गोष्ट. ओळीने ज्ञपर्यंत पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही.

आमच्याच जुन्या शाळांत 'ग म भ न' असा क्रम होता. एकसारख्या वळणाची अक्षरे एकत्र घ्यावी, म्हणजे हात लवकर वळतो, अशी त्यामागची कल्पना होती, आणि ती लिहिण्यापुरती वाईट नव्हती. मग, मन, नग असे चार शब्दही त्यातून निघतात. पण वळणाच्या सोयीने शिकविणे वेगळे आणि वाचता यावे म्हणून शिकविणे वेगळे. म आणि भ एकाच दिवशी पुढे ठेवले की नवशिका डोळा फसतो. डोळ्याला आणि कानाला जी अक्षरे स्पष्ट वेगळी वाटतात, आणि ज्यांतून पोराच्या तोंडचे शब्द जास्तीत जास्त बनतात, ती आधी घ्यावीत, हा नियम साधा आहे.

हा आमच्या मनाचा शोध नाही. फलटणात मॅक्सीन बर्नसन या विदुषींनी १९८० च्या दशकापासून, ज्या वस्त्यांतील मुले 'शिकतच नाहीत' असे म्हटले जाई त्याच मुलांना, अक्षरांचे गट पाडून, स्वरचिन्हे लगेच जोडून, शब्द व गोष्टी वाचायला देऊन वाचते केले. तारीफ अशी की बाई जन्माने अमेरिकन, आणि मराठी पोराला मराठी कसे वाचवावे हे त्यांनी फलटणच्या धुळीत बसून शोधले! आमचे पदवीधर मात्र शहरात बसून "खेड्यातील मुलांची आकलनशक्ती" यावर व्याख्याने देतात. २०११ सालापासून पुढे पालघरकडच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातील यादगिरीस पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करून अभ्यास झाला. त्यातही हेच दिसले की, वर्गाचा वेळ फळ्यावरून उतरवून काढण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो, आणि तिसरी संपली तरी पुष्कळ मुलांना साधे शब्द नीट वाचता येत नाहीत. कन्नड मुलांवर सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. कन्नड लिपीची रचना आपल्यासारखीच आहे. त्यात असे आढळले की, साऱ्या अक्षरांवर व जोडाक्षरांवर पकड बसायला मुलांना चौथीपर्यंत वेळ लागतो. आणि आमच्या शाळेत? पहिलीत बाराखडी 'झाली', दुसरीत जोडाक्षरे 'झाली', वहीवर लाल खूण झाली, विषय संपला! झाली ती मास्तरांची. पोराची व्हायची राहिली ती राहिलीच.

आता एक खोल गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. अक्षर डोळ्याने दिसते, पण त्याचे मूळ कानात आहे. अक्षर म्हणजे आवाजाची खूण. ज्या पोराला 'विळा' या शब्दात वि आणि ळा असे दोन तुकडे ऐकू येत नाहीत, 'कान' आणि 'काम' यांत शेवटचा आवाज तेवढा बदलला हे कानाला उमगत नाही, त्याच्यापुढे अक्षर ठेवणे म्हणजे वापसा नसताना पेरणी करणे. बी कुजते. म्हणून पुस्तकाआधी कान तयार करावा लागतो. त्याला पैसा लागत नाही. गाडी म्हणताना दोन टाळ्या, शिदोरी म्हणताना तीन. 'म' ने सुरू होणाऱ्या घरातील वस्तू सांगा. भेंड्या लावा. कोडी घाला, उखाणे म्हणा. आमच्या आयाबहिणींनी जात्यावर ओव्या गाइल्या, त्यांत यमके होती, ताल होता, शब्दांची मोडजोड होती. आमच्या घरात विद्या नव्हती असे म्हणणाऱ्यांनी ऐकावे: कानाची विद्या आमच्या घरात भरपूर होती. शाळेने ती दाराबाहेर चपलांपाशी ठेवावयास लावली.

चपलांपाशी काय काय ठेवावे लागले, ते तरी पाहा! पोर घरात "पानी" म्हणते. शाळेत "पानी" म्हटले की वर्ग हसतो आणि मास्तर "अशुद्ध" म्हणतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, बंजारा, भिल्ली, कोरकू, गोंडी बोलणारी पोरे पहिल्याच दिवशी शिकतात ते हे की, आपल्या आईचे बोलणे चुकीचे आहे. ज्याला आपले बोलणेच चूक वाटते, तो तोंड उघडील कशाला? आणि जो तोंड उघडत नाही, त्याला वाचन येईल कोठून? आम्ही असे म्हणत नाही की पुस्तकी भाषा शिकवू नका. जरूर शिकवा. सातबारा, कोर्टाचा कागद, बँकेची नोटीस त्याच भाषेत येते. पण आधी पोराचा शब्द फळ्यावर लिहा, मग सांगा की, बाळ, आपण पानी म्हणतो, पुस्तकात ते पाणी असे लिहितात. एवढ्याने काम भागते. भाषेचे नियम आकाशातून पडलेले नाहीत. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लिखाणातून काढून टाकले. त्याआधी ते न लिहिणारा अडाणी ठरत होता, त्यानंतर लिहिणारा जुनाट ठरला. आकाश काही कोसळले नाही. शुद्ध-अशुद्धाचे सोवळे हे असे आहे. त्यासाठी पाच वर्षांच्या जिवाला वर्गात अपमानित करण्याचा अधिकार कोणास नाही.

आमच्या लिपीतही अडचणी आहेत, त्या लपविण्यात अर्थ नाही. ऱ्हस्व वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. 'घर' लिहिताना र पुरा, म्हणताना अर्धा. 'वासरू' लिहिताना अक्षरे तीन, बोलताना मधला अ आपण गिळून टाकतो. 'चाक' मधला च वेगळा, 'चार' मधला वेगळा, अक्षर एकच. र तर बहुरूपीच: सूर्यात डोक्यावर बसतो, चक्रात पायाशी जातो, ट्रकात आणखी वेगळे रूप घेतो. या प्रत्येक ठिकाणी पोर अडखळते, आणि ते अडखळणे मूर्खपणाचे नसून शहाणपणाचे असते, कारण त्याला शिकविलेला नियम तेथे मोडलेला असतो. असे प्रत्येक वळण सावकाश, उदाहरणे देऊन, उघड करून शिकविणे हीच मास्तरकी. नुसते "नीट वाच" असे ओरडणे ही राखणदारी झाली.

तरीही आमची लिपी पोरावर फार दयाळू आहे, आणि हे आमच्या लोकांस कळत नाही म्हणून ते लुबाडले जातात. गावोगाव इंग्रजी नावाच्या खाजगी शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरू लागल्या आहेत. बाप एक म्हैस विकतो, आई गळ्यातले मोडते, आणि पोर "ए फॉर ॲपल" म्हणत घरी येते. सफरचंदाचे झाड त्याने बापजन्मात पाहिलेले नाही. पण ते असो. मुख्य गोष्ट अशी की, इंग्रजी अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. 'डब्ल्यू' या लांबलचक नावात 'व' कोठे आहे, दाखवा! 'सी' कधी क होते, कधी स होते. म्हणून इंग्लंड-अमेरिकेत यावर पिढ्यान्पिढ्या वाद चालले. अमेरिकेत २००० साली आणि इंग्लंडात २००६ साली तज्ज्ञांच्या अहवालांनी सांगितले की, अक्षर आणि आवाज यांची सांगड क्रमाने, पद्धतशीर घालून द्यावी. याच रीतीस ते 'फोनिक्स' म्हणतात. इंग्लंडात २०१२ सालापासून सहा वर्षांच्या सुमाराच्या मुलांना चाळीस शब्द वाचावयास देतात. त्यांतील वीस खरे आणि वीस बनावट. बनावट का? तर पाठांतर उघडे पडावे म्हणून. न ऐकलेला शब्द जो वाचतो, तोच खरा वाचतो.

हेच 'फोनिक्स' आता आमच्या शहरांत भारी फी घेऊन विकले जात आहे. आणि आमची लिपी? तिच्यात क चे नाव क, आवाजही क! साहेबाच्या पोराला जे खटपटीने मिळवावे लागते, ते आमच्या पोराला लिपीतच फुकट मिळाले आहे. घरात पाण्याचा आड असताना आम्ही बाटलीतले पाणी विकत घेतो, आणि घरचा आड घोकंपट्टीच्या कचऱ्याने बुजवून टाकतो. इंग्रजी शिकू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. इंग्रजी आमच्या पोरांनी शिकलीच पाहिजे, आणि उत्तम शिकली पाहिजे. पण ज्याला आपल्या भाषेत आवाज आणि अक्षर यांचे लग्न लावता आले, त्याला दुसऱ्या भाषेत ते लवकर लावता येते. ज्याला एकाही भाषेत ते आले नाही, तो दोन भाषांत निरक्षर होतो आणि फी मात्र एका भाषेची नियमित भरतो.

आता काही मंडळी म्हणतील, "आम्हीही बाराखडी घोकूनच शिकलो, आम्ही वाचतो ना?" बरोबर आहे. तुमच्या घरी बाप वर्तमानपत्र वाचीत होता, आई पोथी वाचीत होती, भाऊ पुढच्या इयत्तेत होता. शाळेने जे दिले नाही ते घराने दिले. पण तुमच्याबरोबर बसणाऱ्या आणि चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेलेल्या मुलांची गणती तुम्ही केली काय? जगलेल्या रोपांकडे बोट दाखवून बियाणे चांगले म्हणणे हा शेतकऱ्याचा हिशेब नव्हे. तो उगवले नाही तेही मोजतो.

दुसरे म्हणतील, "नुसते आवाज जोडून काय उपयोग, अर्थ नको काय?" हवाच. आवाज आणि अर्थ ही गाडीची दोन चाके. एका चाकावर गाडी जागच्या जागी फिरते. म्हणूनच रोज गोष्ट वाचून दाखवावी, तिच्यावर पोराला बोलते करावे, वर्गात पोरांच्या हाती लागतील अशी गोष्टींची पुस्तके ठेवावीत. ती हेडमास्तरांच्या कपाटात, कुलपाआड, झडतीसाठी ठेवू नयेत. पुस्तक फाटले तर फाटू द्या. फाटलेले पुस्तक म्हणजे वाचलेले पुस्तक.

मास्तर आमचा शत्रू नव्हे, हेही येथे बजावून सांगतो. पुष्कळ ठिकाणी दोन मास्तर आणि चार इयत्ता असा संसार आहे. त्यात माहिती भरा, फोटो पाठवा, याद्या करा, निवडणूक करा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दहा वर्षांची जनगणना, आपत्तीचे काम आणि निवडणूक सोडून इतर कामे मास्तरांना लावण्यास मनाई केली आहे. तो कायदा मास्तरांच्या डोक्यावरचे कागद कमी करण्यासाठी कोण वापरतो? पहिलीचा वर्ग नवख्या अगर कंटाळलेल्या माणसाकडे लोटू नये. गावातील सर्वांत जाणता मास्तर पहिलीला असावा. पाया गवंड्याने घालायचा असतो, बिगाऱ्याने नव्हे.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी सांगितले की, सरकारचा खजिना रयतेच्या घामाने भरतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांसाठी जातो. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, आणि मास्तर असे नेमा की ज्यांना वेळप्रसंगी नांगराचे रुमणे अगर सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही. पुढे १९०६ साली सयाजीरावांनी बडोद्याच्या राज्यात आणि १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीरात सक्तीचे शिक्षण सुरू केले. साऱ्या देशाला तो हक्क कायद्याने मिळण्यास २००९ साल उजाडले. दार उघडायला एवढी वर्षे गेली! ते दार उघडले, पोरे आत गेली, आणि आत दिवाच लावलेला नाही. जोतीरावांनी शाळेची भिंत मागितली नव्हती, विद्या मागितली होती.

सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' नावाची मोहीम काढली आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी संपणाऱ्या प्रत्येक मुलास समजून वाचता येईल, असा संकल्प सोडला. संकल्प चांगला आहे. पण संकल्प पाणी सोडून होतो, काम घाम गाळून होते. मोहिमेचे फलक रंगविले आणि वर्गात तोच सूर चालू राहिला, तर फलक रंगाऱ्याचे पोट भरले एवढेच.

मग आम्ही काय करावे? पहिली गोष्ट, आपल्या पोराची परीक्षा आपणच घ्यावी. स्वतःला वाचता येत नसले तरी घेता येते. पाठ्यपुस्तकातील धड्यात कोणत्याही एका शब्दावर बोट ठेवा आणि पोराला तो वाचायला लावा. मग त्याच आकाराचा शब्द दुसऱ्या पानावर शोधा. आकार ओळखायला साक्षर असावे लागत नाही, नक्षी ओळखणाऱ्या डोळ्याला ते सहज जमते. तेथेही पोर तोच शब्द म्हणाले तर ठीक. वेगळे म्हणाले तर समजा की ते धडा म्हणत होते, वाचीत नव्हते. शेजारची सहावीतली मुलगी बोलावून 'तामका', 'सानर' असे दोन बनावट शब्द पाटीवर लिहवून घ्या. पोराने ते वाचले तर त्याच्या हाती किल्ली आहे.

दुसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने या समितीत शंभरातील पंचाहत्तर सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका असतात. एवढे बळ हाती असून आपण बैठकीत सही करतो, चहा पितो आणि पंख्याच्या खरेदीला मान डोलावितो. पुढच्या बैठकीत एकच विषय काढा: तिसरीच्या वर्गात किती मुलांना न घोकलेले वाचता येते? नावे वाचून मुलांना लाजवू नका. आकडा मागा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मागा. रोज निदान एक तास पहिली-दुसरीत नुसते वाचनच चालावे, अशी मागणी करा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले दिवाळीच्या सुमारास जातात आणि उन्हाळ्यात परततात. ती परतल्यावर ज्या गटावर सुटली तेथूनच त्यांना पुढे न्यावे, वर्ग पुढे गेला म्हणून त्यांस मागच्या बाकावर मुकी बसवू नये, असे ठरवून घ्या.

तिसरी गोष्ट, रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी घटकाभर पोराकडून वाचून घ्या. खताच्या पोत्यावरील अक्षरे, एसटीची पाटी, औषधाची बाटली, दुकानाचे नाव, काय वाटेल ते. तुम्ही ऐकणारे आहात एवढेच त्याला पुरे आहे.

बंधूंनो, आमच्या आजोबांनी न वाचलेल्या कर्जखतावर अंगठा उठविला आणि जमीन गेली. आमच्या बापाने न वाचलेल्या अर्जावर सही केली आणि पाण्याची पाळी गेली. आज फसवणूक मोबाईलच्या पडद्यावर येते, ती एका बोटाने होते, आणि अंगठ्याची शाईसुद्धा लागत नाही. ज्याला ओळ वाचता येत नाही, त्याच्या शेताची बांधावरची निशाणी कितीही मोठी असो, ती कागदावर पुसता येते. म्हणून आमच्या पोराला बाराखडीचे गाणे नको, बाराखडीची किल्ली पाहिजे. ती देण्यास जे तयार आहेत त्यांना आम्ही खांद्यावर घेऊ. जे तयार नाहीत त्यांनी आमच्या पोरांच्या डोक्याला दोष देण्याचे थांबवावे आणि खुर्ची मोकळी करावी.